कान मागच्या आवारात

कूलरच्या टपात पाणी सोडलं, नव्या ताट्या भिजल्या आणि वाळ्याचा वास खोलीभर पसरला, की आमच्याकडे उन्हाळा सुरू झाला असं मी धरते. तोवर नुसतं ऊन असतं. यंदाही तसंच झालं. मे महिना लागला आणि आमच्या सिंदी मेघे गावातले रस्ते सकाळीच ओस पडू लागले. नळाला हात लावावा तर चटका बसतो, आणि बायका तोंडाला अशा दुपट्टे गुंडाळून चालतात की शेजारीणसुद्धा आवाजावरून ओळखावी लागते. आज मी ओट्याशी चहा गाळत होते. तेवढ्यात मागच्या आवारातून आवाज आला. टक्. टक् टक्. लोखंडावर हातोडीचा. माझा गाळणीचा हात थांबला.

थांबायचं काही कारण नव्हतं. आवाज सुरू झाला होता, बंद नव्हता झाला. पण या आवाजाशी माझं जुनं वैर आहे आणि जुनी दोस्तीही. लोकांना उन्हाळ्यात मोगरा आठवतो, आंब्याचा रस आठवतो, मामाचा गाव आठवतो. मी शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा दरवर्षी मुलांच्या निबंधात हेच तीन पदार्थ वाढलेले असायचे. मला मात्र एकच उन्हाळा आठवतो. त्या उन्हाळ्यात मला बाकी काही सुचत नव्हतं, मी नुसता कान होऊन बसले होते.

आवाज येतो तो आमच्या बागेच्या खोलीतून. शेवग्याच्या झाडाजवळ, कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून ती उभी आहे. लोखंडी पाइपचे खांब, वर टिनाचं छप्पर, बाजूंना बांबूचे तट्टे आणि त्यांवर मातीचा गिलावा. पुढे मात्र या सगळ्याला न शोभणारं भारदस्त सागवानी दार. आत माझं खुरपं, फावडं, झारी, पाइपचं वेटोळं, शेणखताचं पोतं आणि रिकाम्या कुंड्या असतात. मी तिला बागेची खोली म्हणते. माझे यजमान तिला 'स्टोअर' म्हणतात. यजमानांना मी आयुष्यभर 'अवो' म्हणत आले, पण कागदावर माणसाला नाव लागतं, म्हणून वामनराव.

वामनराव हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. लग्नानंतरची कितीतरी वर्षं आम्ही जिनला लागून असलेल्या क्वार्टरमध्ये काढली. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या यायला लागल्या की सीझन सुरू. मग घरघर, घरघर. भांडी मांडणीवर हलकेच थरथरायची, डाळीत सरकी निघायची, नाकात कापसाची धूळ. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला त्या आवाजात झोप लागेना. पुढे अशी सवय झाली की आवाज थांबला की जाग यायची. माझ्या एकटीलाच नाही, सगळ्या क्वार्टरला यायची. बायका दारात येऊन उभ्या राहायच्या, कुणी कुणाशी बोलायचं नाही. मशीन थांबली म्हणजे पट्टा तुटला असेल, नाहीतर कुणाचा हात गेला असेल. घरघर परत सुरू झाली, की सगळ्या जणी श्वास सोडून आत जायच्या.

वामनरावांचं सगळं शहाणपण कानात होतं. डोळे मिटून मशीनजवळ उभे राहायचे आणि आत कुठे काय ढिलं झालं ते सांगायचे. "आवाज बदलला का समजाचं, मशीन काहीतरी सांगून राह्यली," असं ते म्हणत. त्या घरात राहून तेवढं फिटरपण माझ्याही कानात उतरलं.

पुढे माझ्या शाळेपायी मी सिंदी मेघेच्या घरी राहू लागले होते. रिटायर होऊन तेही तिथे कायमचे राहायला आले आणि त्याच हिवाळ्यात त्यांना अटॅक आला. वेळेवर दवाखाना गाठला, वाचले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, हलकी कामं करा, जड उचलू नका, दम लागला तर थांबा आणि सांगा. थांबा इथवर ठीक होतं. पण सांगा? अंगात ताप असताना डबा घेऊन ड्यूटीवर जाणारा हा माणूस. दाढ दुखते हे त्यांनी मला दाढ काढून आल्यावर सांगितलं होतं. दम लागला तर हे सांगतील, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून एक काम सुरू केलं. त्यांच्या हातातली वस्तू काढून घेणं. सिलिंडर आला की मी धावायची, पाण्याची बादली मी उचलायची, भाजीची पिशवी शेजारचे लोक फाटकातच घ्यायचे. पुण्याहून मुलीचा फोन यायचा, "बाबा, तुम्ही फक्त आराम करायचा." सगळं प्रेमानंच चाललं होतं. एकदा ते बाजारातून कोहळं घेऊन आले. लहानसंच होतं. दारातच मी ते त्यांच्या हातातून घेतलं आणि आत आले. मागे वळून पाहते तर ते तसेच उभे, हात पुढे धरलेले, ओंजळ कोहळ्याच्या मापाची. ते रिकामे हात मला अजून दिसतात.

बोलणं कमी झालं. खुर्चीत बसून राहत. पंखा फिरला की त्याच्या बेअरिंगचा आवाज ऐकत, पण उठून तेल सोडत नसत. मी मनात म्हणायची, असू दे, जिवंत तर आहेत.

एप्रिल सरताना एक दिवस सकाळी मागचं दार उघडलं तर आवारात पांढऱ्या रेघा. चुन्याची फक्की टाकून कुणीतरी चौकोन आखलेला. कोपरे काटकोनात, दाराची जागा सोडलेली. वामनराव कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे पाहत होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कानामागे पेन्सिल होती.

"हे काय?" मी विचारलं.

"स्टोअर. तुह्या बागेचं."

"कोन बांधते?"

"मी. दुसरं कोन आहे अठी?"

"बाप्पा! डॉक्टर काय म्हनले ते इसरले काय तुमी?"

"हलकं काम करा म्हनले. पाने-बोल्ट हलकेच असतात."

खरं म्हणजे ही खोली मीच मागितली होती. एकदा नाही, वर्षानुवर्षं. माझी खुरपी पलंगाखाली, शेणखत न्हाणीघरात, कुंड्या जिन्याखाली. दर वर्षी मी कुरकुर करायची आणि दर वर्षी ते म्हणायचे, "सीझन सरला का बांधून देतो." आता सगळेच सीझन सरले होते. वामनरावांनी दिलेला शब्द त्यांना आठवला होता, आणि तो आठवायला त्यांना वर्षातला सगळ्यात वाईट महिना सापडला होता.

मी भांडले. खूप भांडले. रडलेसुद्धा. शेवटी अटी घातल्या. ऊन चढायच्या आधी काम आणि ऊन चढलं की आत. खड्डे खोदायचे नाहीत, खांब उचलायचे नाहीत, छपरावर चढायचं नाही. ते सगळ्याला हो म्हणाले. एवढ्या सहज हो म्हणाले की मला जास्तच भीती वाटली.

खड्ड्यांसाठी मागच्या गल्लीतल्या गजाननभाऊंना बोलावलं. ते मिस्त्री. हातापेक्षा तोंड जास्त चालतं, पण माणूस मोकळा. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात अशी फाटते की भेगेत चप्पल जाते, आणि पावसात फुगून भिंतींना ढकलते. वामनराव खड्ड्याच्या काठावर बसून फर्मान सोडत होते, "मुरूम लागेस्तोवर जा. वरवर नोका करू."

"वामनराव, स्टोअर बांधून राह्यले का किल्ला?" गजाननभाऊ घाम पुसत म्हणाले.

मुरूम लागला तेव्हाच त्यांची सुटका झाली. खांब उभे राहिले, त्यात सिमेंट भरलं आणि गजाननभाऊ छपराच्या दिवशी येतो म्हणून गेले. त्यानंतर आवारात उरले वामनराव, त्यांची पेटी आणि तो चौकट नसलेला सांगाडा. आणि स्वयंपाकघरात उरले मी.

तिथून तो उन्हाळा खरा सुरू झाला. सकाळी चहा झाला की मागून आवाज येई. टक् टक्. मध्ये करवतीची करकर, मध्ये ड्रिलची किरकिर, परत टक् टक्. आवाज असेतोवर माझी पोळी नीट लाटली जायची. थांबला की लाटणं थांबायचं. मी श्वास धरून ऐकायची. खिळा शोधत असतील. पाणी पीत असतील. पेन्सिल पडली असेल. आणि मग पुढचा विचार यायच्या आत मी पळालेली असायची. चप्पल शोधायलाही थांबायची नाही. मागच्या आवारातली फरशी तव्यागत तापलेली, तळव्यांना चटके बसायचे आणि मी तिथे जाऊन उभी. समोर वामनराव, तोंडात खिळे, भुवया वर.

"काही नाई," मी म्हणायची. "पानी पायजे काय म्हनून आली."

एक दिवस असं फार वेळा झालं. शेवटच्या खेपेला त्यांनी तोंडातले खिळे हातावर काढले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जित्ता आहो मी अजून. पाहून घेतलं? जाय आता."

मी आत आले. फार लागलं ते बोलणं. ओट्यावरचा चहा गार झाला होता, तो मोरीत ओतला. त्या उन्हाळ्यात मी एकही चहा गरम प्यायले नसेन.

त्या दिवसानंतर गंमत झाली. आवाज थांबेनासाच झाला. सकाळी जो सुरू व्हायचा तो ते आत येईपर्यंत चालूच. एका लयीत, टक्, टक्, टक्. पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मी पोळ्या केल्या, कैऱ्या उकडून पन्हं केलं, मुलीशी फोनवर बोलले. आणि मग एकदम लक्षात आलं, हा माणूस बसतच नाही. थांबलं की बायको पळत येते, लाज आणते, म्हणून हा जिद्दीनं थांबतच नाही. पूर्वी आवाज थांबायची भीती होती, आता तो थांबत नव्हता याची भीती बसली. खिडकीतून पाहावं तर शेवग्याचं खोड आणि अर्धा सांगाडा मध्ये यायचा, माणूस दिसायचा नाही. मी देवघरासमोर बसून म्हणायची, एकदा तरी थांबू दे. आणि आवाज चालूच.

जेवताना विचारलं, "मधातमधात बसत जा ना थोडं."

"बसतो ना," ते वरणभात कालवत म्हणाले. खोटं बोलताना माणूस जेवणाकडे पाहतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

शेवटी एक दिवस मी ठरवलं, भांडण झालं तरी चालेल, हातोडी काढून घ्यायची. गंजात ताक ओतून घेतलं, आठवणीनं चपला घातल्या आणि मागच्या दारानं न जाता घराला वळसा घालून बाजूच्या बोळातून गेले. आवाज चालूच होता. कोपऱ्यावरून पाहिलं.

वामनराव बसलेले होते. भिंतीच्या सावलीत घमेलं पालथं घालून त्यावर बसले होते. डोक्यावर ओला दुपट्टा, डोळे मिटलेले, पाय पसरलेले. चेहरा निवांत. डाव्या हातात पाण्याचा लोटा. आणि उजव्या हातात हातोडी, ती बाजूच्या उरलेल्या पाइपवर हलकेच पडत होती. टक्. टक्. टक्. काही ठोकत नव्हते. नुसता आवाज करत होते.

मी तिथेच उभी राहिले. ताक हातात होतं. पुढे होऊन काहीतरी बोलावं असं वाटलं आणि कोहळ्याच्या मापाची ती ओंजळ आठवली. आता हेही काढून घेऊ का? मी आल्या पावली परत फिरले. स्वयंपाकघरात जाऊन खूप वेळ पदरानं डोळे पुसले, आणि नंतर हसूही आलं.

पण हसून भीती जात नाही. उलट आता ती नव्यानं कळली. ज्या आवाजावर मी विसंबून होते तो माझ्यासाठी बनवलेला होता. बसून ठोकता येतं, तर छातीत कळ येत असतानाही ठोकता येईल. हा माणूस तेही करेल. तेव्हा आवाज आहे म्हणजे सगळं ठीक आहे, हे क्वार्टरमधल्या बायकांचं गणित माझ्यापुरतं संपलं. ऐकून काही कळणार नव्हतं आणि पाहायला जायचं नव्हतं. उरलेला मे महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत.

त्या दिवसांत वडनेरहून माझा धाकटा भाऊ टेम्पोत दार घेऊन आला. त्यानं गोठा पाडून नवा सिमेंटचा बांधला होता, जुन्या गोठ्याचं सागवानी दार मला दिलं. लहानपणी त्या दारावर मी झोके घेतले होते. त्याच्या खालच्या फळीला अजून गाईच्या शिंगाचे ओरखडे होते. भाऊ म्हणाला, "भाऊजी, दार लय भारी आहे. आमाले सांगा, आमी बसवून देतो."

"ठेवा अठीसा," वामनराव म्हणाले. भाऊ आणि हाकेसरशी आलेले गजाननभाऊ यांनी मिळून दार उचललं, वामनरावांनी हात लावला नाही, पण बिजागऱ्या मात्र कुणाला लावू दिल्या नाहीत. दिवसभर सावलीत रंधा मारून, घासून, त्या दोघांना परत परत दार धरायला लावून पाहत होते. संध्याकाळी मला बोलावलं. दार चौकटीत असं चपखल बसलं होतं की मध्ये पोस्टकार्डही जाणार नाही.

"थोडी फट ठेवा," मी म्हणाले. वडनेरला पावसाळ्यात प्रत्येक दार कुल्ल्यानं ढकलावं लागायचं, हे मला पक्कं माहीत होतं.

"फट म्हंजे काम कच्चं," ते म्हणाले. जिनमध्ये दोन भागांत नको तितकी जागा राहिली की मशीन खडखडते, आणि खडखडाट म्हणजे फिटरची बेइज्जती. लोखंड उन्हात किती वाढतं हे त्यांना तोंडपाठ होतं. लाकडाशी त्यांचा संबंध आयुष्यात खुर्चीपुरता आला होता. मी जास्त बोलले नाही. त्या दिवशी ते इतके खूश होते.

रोहिणीत वारं सुटायच्या आत छप्पर चढलं. वर गजाननभाऊ, खाली वामनराव आणि त्यांचा आवाज. मृग लागला, कुंड्या आत गेल्या, खुरपी खिळ्यांवर टांगली गेली. ते रोज जाऊन काही ना काही करत. आता ऊन नव्हतं म्हणून मी निर्धास्त व्हायला हवं होतं. पण कान मागेच असायचा. आणि मागून तेच टक् टक् यायचं. मी मनात म्हणायची, बसलेत वाटतं.

आषाढात झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे दिवसचे दिवस बारीक पाऊस, सूर्य नाही, कपडे वाळत नाहीत, मीठ ओलं, काडेपेटी ओली. काळी माती पायाला चिकटून वर येते. अशाच एका दुपारी वामनराव फळीवरच्या कुंड्या लावायला गेले. पाऊस आत येतो म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. मी कढई चढवली, कांदे चिरले. भज्यांचा पहिला घाणा तेलात सोडला आणि मागून आवाज आला. टक् टक् टक्.

बसलेत, मी म्हटलं, आणि सराट्यानं भजी उलटली.

टक् टक्. टक् टक् टक्. आज जरा जोरात होतं. पाऊस आहे म्हणून असेल. मी दुसरा घाणा सोडला. आवाज आणखी वाढला, लय मोडली. मग एक धप्प, पुन्हा एक धप्प. आणि मग थांबला.

मी वाट पाहिली. नुसता पाऊस. बायको घाबरू नये म्हणून बसल्या जागी ठोकत राहणारा माणूस, तो आवाज का थांबू देईल? हातातला सराटा तसाच घेऊन मी पळाले. गॅस बंद केला नाही, चप्पल घातली नाही. चिखलात एक पाय घसरला, सावरले, दार गाठलं.

"अवो!"

काही नाही.

"अवो, बोला ना!"

"दार," आतून आवाज आला. तो त्यांचा आवाज नव्हताच, नुसता वारा होता. "दार... अडकलं."

कडी धरून ओढलं. हललं नाही. पाय चौकटीला लावून ओढलं, कडीवरून हात निसटले. लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि पोस्टकार्ड न जाणारी ती फट पार बुजून गेली होती. सब्बल आत, फावडं आत, हातोडी आत. आमच्या घरातलं एकूण एक अवजार त्या दारापलीकडे टांगलेलं. "तुमी बसा," मी ओरडले. "हात नोका लावू. मी पाहते." वरच्या कोपऱ्यात सराट्याचं पातं घुसवलं, दांड्यावर भार टाकला. कोपरा किंचित सुटला आणि तिथेच थांबला. मी गजाननभाऊंना हाक मारली, शेजाऱ्यांना मारली. पावसात कोण ऐकतं? आतून श्वासाचा आवाज येत होता, आत घेताना एक, सोडताना एक. दार माझ्या एकटीनं उघडणार नव्हतं. बाहेरून ओढायला मी होते आणि आतून ढकलायला एकच माणूस होता. महिनोन् महिने ज्याच्या हातातून मी पिशवी घेतली, बादली घेतली, कोहळं घेतलं, तो. माझ्या तोंडून तो शब्द निघेना. आतला टिनाखालचा दमट कोंडमारा, आणि तो श्वास.

"ढकला," मी म्हणाले.

"काय?"

"ढकला म्हंते! खांदा लावून जोर द्या. मी ओढून राह्यली. आता!"

आतून धक्का आला. मी पूर्ण अंग सराट्यावर टाकलं. सराटा वाकला, लाकूड करकरलं, आणि दार एकदम माझ्या अंगावर आलं. त्याच्यामागून वामनराव. एक हात चौकटीला धरून ते पावसात उभे राहिले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम की पाऊस कळेना.

"मले दम लागला," ते म्हणाले. "बसू दे मले जरा."

त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं. ते उंबऱ्यावर बसले, मी त्यांच्या शेजारी चिखलात बसले. पाठीवर हात ठेवला. पाठ वर-खाली होत होती, हळूहळू तिचा वेग कमी झाला. ओठांवर रंग आला. तोवर मी नुसती पाठ ऐकत होते.

"एवढं ठोकलं मी," ते थोड्या वेळानं म्हणाले. "काऊन नाई आली तू?"

"मले वाटलं, बसून ठोकून राह्यले तुमी."

बोलले आणि जीभ चावली. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे तुले मालूम होतं?"

"उन्हाळ्यातच पाह्यलं. घमेल्यावर बसून ठोकत होते ते."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी तरी काऊन ठोकत होते?"

त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. चिखलानं भरलेले, परत अनवाणीच.

"आवाज थांबला का तू पयत येत होती," ते म्हणाले. "चप्पल बी घालत नव्हती. फरशीवर पाय भाजत होते तुहे."

आतून करपल्याचा वास आला, कढईतल्या भज्यांचा कोळसा झाला होता. आम्ही दोघंही उठलो नाही. मी भिजत होते, ते भिजत होते, आणि मला फार, फार बरं वाटत होतं.

दिवाळीनंतर लाकूड सुकलं तेव्हा वामनरावांनी दार उतरवलं, म्हणजे उतरवताना एक बाजू त्यांनी धरली आणि दुसरी मी. रंधा मारून कड उतरवली. आता पावसाळ्यात ते नीट लागतं, आणि उन्हाळ्यात चौकटीशी बोटभर फट राहते. वारं आलं की दार खडखडतं. फिटरच्या घरात असा खडखडाट मी आयुष्यात ऐकला नव्हता. त्यांनाही तो सहन होत नाही, चेहऱ्यावर दिसतं. पण ते काही करत नाहीत. वाकलेला सराटा मी टाकला नाही. भजी उलटायला तो आता बरा पडतो.

आज सकाळी ते काय ठोकत होते कुणास ठाऊक. बिजागरी असेल, नाहीतर एखादा खिळा. मी चहा गाळला, कप भरले, दोन मिनिटं ऐकत उभी राहिले. टक् टक्. टक्.

आणि आवाज थांबला.

माझा हात कपावरच थांबला. इतक्या वर्षांनीही थांबतो. ऊन खिडकीच्या गजांवर आलं होतं. मी कप हातात घेऊनच मागच्या दाराशी गेले, उंबऱ्याजवळच्या चपलेत एक पाय सरकवला.

"बसलो वं मी!" शेवग्यापलीकडून हाक आली.

"बसा," मी म्हणाले.

चपलेतला पाय बाहेर काढला आणि तिथेच उंबऱ्यावर बसून चहाचा घोट घेतला. चहा गरम होता.